संपादकाच्या टपालात

फराळाच्या ताटाशेजारी आपण जो अंक उघडतो, त्यातली कथा बहुतेक वेळा मृगाच्या पावसात पाठवलेली असते. मे-जूनमध्ये संपादकांची पत्रे आणि आवाहने सुटतात, आषाढ-श्रावणात टपाल साचते, गणपतीच्या सुमारास निवड आटोपते आणि पितृपक्षात मुद्रितशोधनाची घाई चालते. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक १९०९ साली काढला, तेव्हापासून मराठी लेखकाचे वर्ष या वेळापत्रकाला बांधले गेले आहे. नामवंतांना या दिवसांत संपादकांचे फोन येतात. ज्याला कुणाचाच फोन येत नाही, तो आपली कविता किंवा कथा पाकिटात घालतो, हल्ली ई-मेलला जोडतो, आणि एखाद्या छोट्या मासिकाच्या पत्त्यावर पाठवून वाट पाहत बसतो.

हा लेख त्या पाकिटाविषयी आहे. मला फार दिवसांपासून वाटत आले आहे की, मराठी साहित्याचा इतिहास पुस्तकांच्या याद्यांपेक्षा संपादकांच्या टपालात अधिक नीट वाचता येईल. कुणी काय लिहिले ते पुस्तके सांगतात. लिहिणाऱ्याला काय उत्तर आले आणि त्या उत्तराने त्याचे पुढे काय झाले, ते टपाल सांगते. आपल्या विद्यापीठांनी साहित्य शिकवले. लिहायला शिकवण्याची सोय मात्र फार थोड्या ठिकाणी झाली. ते काम छोट्या मासिकांच्या संपादकांनी पोस्टकार्डांवर आणि आंतरदेशीय पत्रांवर केले, बहुतेकांनी स्वतःची नोकरी सांभाळून आणि पदरमोड करून.

या कामाचे सर्वांत ठसठशीत उदाहरण गिरगावातल्या खटाववाडीत घडले. ‘मौज’ची कचेरी तिथे होती आणि ‘सत्यकथा’ मासिक तिथून निघे. १९३३ साली सुरू झालेल्या या मासिकाचे रूप श्री. पु. भागवत आणि त्यांचे सहकारी राम पटवर्धन यांच्या हाती पार पालटले. गंगाधर गाडगीळ, अरविंद गोखले, व्यंकटेश माडगूळकर यांची नवकथा इथे वाढली. कुडाळला खानावळ चालवणाऱ्या चिं. त्र्यं. खानोलकरांच्या कविता ‘आरती प्रभू’ या नावाने इथे आल्या. ‘सत्यकथे’त छापून येणे ही लेखक झाल्याची खूण समजली जाई. तिथे शिरण्यासाठी गिरगावात राहायची गरज नव्हती, हे मला विशेष महत्त्वाचे वाटते. जी. ए. कुलकर्णी धारवाडला इंग्रजी शिकवत होते, मुंबईच्या साहित्यिक बैठकांपासून कटाक्षाने दूर होते, आणि मराठी कथेला त्यांनी जे दिले ते टपालानेच दिले. त्यांच्या पत्रांचे खंड पुढे प्रसिद्ध झाले. लेखक आणि संपादक यांच्यात नुसत्या कागदावर केवढे नाते उभे राहू शकते, हे ज्याला पाहायचे असेल त्याने ते खंड जरूर वाचावेत.

श्री. पु. आणि पटवर्धन यांची रीत सर्वश्रुत आहे. आलेली कथा दोघे बारकाईने वाचत. तिच्यात काही सापडले तर लेखकाला सविस्तर पत्र जाई: कुठे सैल झाली, कोणता प्रसंग उपरा वाटतो, काय पुन्हा लिहून पाहावे. लेखक ती पुन्हा लिहून पाठवी. मग पुन्हा पत्र जाई. याला ‘संस्करण’ म्हणत. पटवर्धनांनी मार्जोरी किनन रॉलिंग्जच्या कादंबरीचा ‘पाडस’ हा जो अनुवाद केला, तो वाचताना मला नेहमी त्यांच्या संपादनाची आठवण होते. दुसऱ्याच्या वाक्यात इतक्या मायेने शिरता येणारा माणूसच दुसऱ्याची कथा दुरुस्त करायला लायक असतो. श्री. पुं.नी आणि त्यांनी आपल्या नावावर थोडे लिहिले. पण मराठीतल्या कितीतरी चांगल्या परिच्छेदांमागे त्यांचे हात आहेत आणि ते कुठेच नोंदलेले नाहीत.

ज्यांच्यात काही सापडले नाही, त्यांना ‘साभार परत’ येई. छापील चिठ्ठी, सोबत आपलेच हस्तलिखित आणि आपणच पत्ता लिहून दिलेले पाकीट. त्या पाकिटावरचे स्वतःचे अक्षर पोस्टमनच्या हातात दिसले की न उघडताच निकाल कळे. ‘साभार परत’ आलेल्यांच्या आठवणी मराठी आत्मचरित्रांत पुष्कळ सापडतात. त्यांत एक गोष्ट वारंवार येते: चिठ्ठीच्या तळाशी संपादकाने हाताने लिहिलेली एखादी ओळ. तेवढ्या ओळीवर माणसे आणखी वर्षभर लिहीत राहिली आहेत.

पण एकाच दारातून सगळ्यांनी आत जायचे ठरले की, दाराच्या उंचीला न बसणारे बाहेर राहतात. १९५० नंतर हे बाहेरचे लोक वाढू लागले. बडोद्याहून पु. आ. चित्रे १९४३ पासून ‘अभिरुची’ चालवत होते. मर्ढेकरांच्या ज्या कवितेने मराठी वाचक हादरले, तिला या मासिकाने जागा दिली होती. त्याच घरातला मुलगा, दिलीप चित्रे, १९५४ साली मुंबईत मित्रांबरोबर ‘शब्द’ नावाचे अनियतकालिक काढू लागला, तेव्हा तो अवघा सोळा वर्षांचा होता. अरुण कोलटकरांच्या सुरुवातीच्या मराठी कविता त्या अंकांत आहेत. वडिलांनी दुसऱ्यांचे टपाल वाचत मासिक चालवले. मुलाने पाहिले की आपल्याला हवे ते छापणारे मासिक अजून निघायचेच आहे.

‘शब्द’ चक्रमुद्रित होता. आजच्या मुलांना चक्रमुद्रणाचे यंत्र पाहायला मिळालेले नसते, म्हणून थोडे सांगतो. मेणाचा थर दिलेल्या पातळ कागदावर, स्टेन्सिलवर, टंकयंत्राची फीत काढून घेऊन अक्षरे उमटवायची, किंवा टोकदार लोखंडी लेखणीने हाताने कोरायची. जिथे मेण निघाले तिथून शाई झिरपते. स्टेन्सिल रुळावर चढवायची, हँडल फिरवायचे, एकेक कागद बाहेर पडतो. काहीशे प्रतींनंतर स्टेन्सिल फाटते, अक्षरांच्या पोटात शाई भरते. छापखान्याचे बिल नाही, खिळे जुळवणाऱ्याची वाट पाहणे नाही. दोन-चार मित्रांच्या खिशातल्या पैशांत अंक निघतो.

साठच्या दशकात या वाटेने गर्दी झाली. १९६३ साली अशोक शहाण्यांनी मराठी साहित्यव्यवहारावर झणझणीत लेख लिहिला आणि ‘असो’ काढले. मुंबईत ‘फक्त’, ‘येरू’, औरंगाबादेत भालचंद्र नेमाड्यांचा ‘वाचा’, अशी अंकांची रांग लागली. सतीश काळसेकर, तुळसी परब, वसंत गुर्जर, राजा ढाले, चंद्रकांत पाटील ही नावे या अंकांनी पुढे आणली. १९६९ साली राजा ढाल्यांनी ‘सत्यकथेची सत्यकथा’ हा लेख स्वतः काढून वाटला आणि खटाववाडीत ‘सत्यकथे’च्या अंकाची होळी झाली. एका मासिकाचे वजन केवढे असावे लागते की, त्याला जाळावेसे वाटावे! त्या रागात अपेक्षाभंग आहे. ज्या संपादकांकडून उत्तराची सर्वाधिक आशा होती, त्यांना आपली भाषा वाचताच येत नाही, असे या तरुणांना वाटत होते. त्यांच्या कवितेत कामाठीपुरा होता, चाळ होती, शिवी होती, बंबैय्या बोली होती. अशा कवितेवर संस्करण कसे करायचे, हा प्रश्न खटाववाडीला सुटला नाही, असेच मीही म्हणेन, श्री. पुं.विषयी माझ्या मनात अपार आदर असूनही म्हणेन.

‘अनियतकालिक’ या स्वरूपामागे कायद्याचीही बाजू होती. १८६७ च्या मुद्रण आणि ग्रंथनोंदणी कायद्याप्रमाणे नियतकालिक काढायचे तर दंडाधिकाऱ्यापुढे घोषणापत्र करावे लागे, नाव मंजूर करून घ्यावे लागे, मुदती पाळाव्या लागत. जमेल तेव्हा आणि परवडेल तेव्हा निघणाऱ्या अंकाला यातले काहीच झेपणारे नव्हते. तो दीडशे वर्षांचा कायदा आता गेला. २०२३ चा नवा कायदा १ मार्च २०२४ पासून लागू झाला आणि नोंदणी ऑनलाइन झाली.

अनियतकालिकांच्या या चळवळीवर आपल्याकडे भरभरून लिहिले गेले आहे आणि ते योग्यच आहे. एक गोष्ट मात्र राहून जाते. यातले बरेचसे अंक मित्रांनी मित्रांसाठी काढलेले होते. लेखन टपालाने मागवून, वाचून, उत्तर देण्याची यंत्रणा बहुतेकांपाशी नव्हती. ती उभारण्याइतके दिवसही ते अंक जगले नाहीत. मुंबईच्या उपाहारगृहातल्या टेबलाभोवती जो बसू शकत होता, त्याला हे अंक आपले वाटले. किनवट किंवा आष्टीच्या मुलाने आपली वही कुठे पाठवायची, हा प्रश्न उरलाच.

त्याचे उत्तर औरंगाबादच्या नागसेनवनातून आले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० साली तिथे महाविद्यालय काढले. मराठवाड्यातल्या खेड्यांतून घरातली पहिली शिकणारी मुले तिथे आली. प्राचार्य म. ना. वानखेडे आणि मराठीचे प्राध्यापक गंगाधर पानतावणे यांच्याभोवती लिहिणाऱ्यांची फळी जमली आणि १९६० च्या दशकाच्या अखेरीस ‘अस्मिता’ हे त्रैमासिक निघाले. लवकरच ते ‘अस्मितादर्श’ झाले. पानतावण्यांनी ते जवळजवळ अर्धशतक चालवले. २०१८ साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली आणि त्याच वर्षी मार्चमध्ये ते गेले.

‘अस्मितादर्श’कडे येणाऱ्या लेखनाचा विचार केला की, छोट्या मासिकाचा संपादक म्हणजे काय असतो, ते मला कळते. या टपालातले शुद्धलेखन पुण्याच्या कोशाला मानणारे नव्हते. विषयांची यादी ठरलेली नव्हती. गावकुसाबाहेरचे जगणे ज्या शब्दांत जगले गेले, त्याच शब्दांत ते कागदावर येत होते आणि ते शब्द छापायचे की नाहीत, हा निर्णय कुणाला तरी घ्यायचा होता. पानतावण्यांनी तो छापण्याच्या बाजूने घेतला. अंकाच्या जोडीने त्यांनी लेखक-वाचकांचे मेळावे गावोगावी भरवले, म्हणजे ज्याची कविता अंकात आली तो दुसऱ्या गावच्या कवीला प्रत्यक्ष भेटे. आज ज्याला आपण दलित साहित्य म्हणून अभ्यासक्रमात लावतो, त्यातला मोठा भाग आधी अशा त्रैमासिकाच्या पानांवर, मानधनाशिवाय, छापला गेला. स्त्रियांच्या लेखनाबाबत असेच काम विद्या बाळ यांनी १९८९ साली पुण्यात सुरू केलेल्या ‘मिळून साऱ्याजणी’ने केले. आपण लेखिका आहोत असे ज्यांनी कधी मनात आणले नव्हते, अशा किती बायकांनी पहिले पान त्या मासिकासाठी लिहिले!

आणि धुळ्याची ‘कवितारती’. पुरुषोत्तम पाटील यांनी १९८५ साली हे द्वैमासिक केवळ कविता आणि कवितेची समीक्षा यांसाठी सुरू केले. मोठे शहर नाही, पाठीशी प्रकाशनसंस्था नाही, जाहिराती नाहीत. २०१७ मध्ये ते गेले तोवर तीन दशकांत महाराष्ट्रातल्या कवींच्या अनेक पिढ्यांची पहिली किंवा दुसरी कविता धुळ्याचा शिक्का लागून वाचकांपर्यंत गेली. ज्येष्ठ कवींवरचे त्यांचे विशेषांक आजही अभ्यासकांना लागतात. सावंतवाडीहून प्रवीण बांदेकर यांनी ‘नवाक्षर दर्शन’ काढले, पुण्याहून मंगेश नारायणराव काळे यांनी ‘खेळ’, मुंबईत हेमंत दिवटे यांनी ‘अभिधा’ आणि पुढे ‘अभिधानंतर’. नव्वदनंतरच्या मराठी कवितेचा जो चेहरा आपण ओळखतो, तो या पत्त्यांवरच्या टपालातून घडला.

असे अंक काढायला खर्च किती आणि तो निघतो कुठून, याविषयी थोडे सांगायला हवे, कारण लेखन पाठवणाऱ्याला ही बाजू दिसत नाही. १८९८ च्या टपाल कायद्यात नोंदणीकृत वृत्तपत्राला अगदी नगण्य दरात टपालाची सवलत होती. पण त्यासाठी अंक एकतीस दिवसांच्या आत निघाला पाहिजे आणि त्यात बातम्या किंवा चालू घडामोडींवरचा मजकूर बऱ्याच प्रमाणात असला पाहिजे, अशी अट होती. म्हणजे कवितेचे द्वैमासिक किंवा कथेचे त्रैमासिक या सवलतीच्या बाहेर. ज्या प्रकाशनाला सवलतीची सर्वाधिक गरज, त्यालाच पूर्ण दराने तिकिटे. पुस्तकाच्या दुकानात अशा अंकाला जागा मिळत नाही, मिळाली तर विक्रेत्याची सवलत वजा होते. राहतात ते वर्गणीदार. काही संपादकांनी आजीव वर्गणी घेतली आणि ती रक्कम बँकेत ठेवून व्याजावर अंक काढायचे गणित मांडले. कागदाचे भाव चढले, व्याजदर उतरले आणि ते गणित कोसळले. राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या अनुदानाचा काहींना आधार मिळतो, पण तेवढ्यावर वर्ष निघत नाही. ‘सत्यकथा’सारखे दबदब्याचे मासिक १९८२ साली बंद झाले. भानू काळे यांनी पुण्यातून सुमारे पंचवीस वर्षे ‘अंतर्नाद’ चालवले, तेही थांबले.

तालुक्याच्या गावातून निघणाऱ्या एका त्रैमासिकाचे टपाल लावायला मी बरीच वर्षे मधूनमधून जात असे. संपादक कनिष्ठ महाविद्यालयात शिकवत. बाहेरच्या खोलीत दिवाणावर पाकिटांचा ढीग, भिंतीला लोखंडी कपाट, कपाटात बॉक्स फायली. एक लांब आवक वही होती. तिच्यात अनुक्रमांक, तारीख, लेखकाचे नाव-गाव, कविता की कथा, आणि शेवटच्या रकान्यात निर्णय. तो रकाना कोरा राहू नये, यावर त्यांचा कटाक्ष असे. अंक छापून आला की घरातली सगळी माणसे बसत: कुणी कागदी पट्ट्या कापी, कुणी त्यांच्यावर पत्ते चिकटवी, कुणी खळ लावून पट्टी अंकाभोवती गुंडाळी. पिनकोडप्रमाणे गठ्ठे करून ते सायकलवरून पोस्टात जात.

तिथे पाहिलेली एक कथा माझ्या लक्षात आहे. दूध संघात काम करणाऱ्या एका तरुणाने वहीच्या पानांवर निळ्या बॉलपेनने लिहिलेली. पहिली दोन पाने पहाटेच्या वर्णनाची होती: कोंबड्याची बांग, तांबडे फुटणे, धुक्याची चादर, आयुष्य म्हणजे काय यावर दोन परिच्छेद. तिसऱ्या पानावर संकलन केंद्राच्या रांगेत एक म्हातारा बरणी घेऊन उभा राहतो. फॅट कमी लागते म्हणून त्याचे दूध परत केले जाते. तपासणारा पोरगा त्याचाच मुलगा असतो. म्हातारा काही बोलत नाही, झाकण लावतो आणि बरणी सायकलच्या हँडलला अडकवताना तिचा आवाज होऊ देत नाही. संपादकांनी तिसऱ्या पानाच्या समासात शिसपेन्सिलीने बाण काढला आणि लिहिले, ‘इथून सुरू करा. शेवटचा परिच्छेद काढा. झाकण लावण्यापाशी थांबा.’ सोबत पोस्टकार्ड: ‘कथा आपल्याकडे आहे. पहाट आधी अनेकांनी लिहिली आहे, रांग कुणी लिहिलेली नाही.’ पुढच्या अंकाच्या आधी कथा परत आली, निम्म्या लांबीची, आणि ती पहिल्या पानावर छापली गेली.

त्या पोस्टकार्डाला कार्यशाळेच्या तीन दिवसांची किंमत आहे, असे मी मनापासून मानतो. आणि ते लिहायला संपादकाला पाऊण तास लागला असेल. शिकवून आल्यावर, जेवणाआधी.

आता पाठवणाऱ्याविषयी. पूर्वी नियम सगळ्यांना पाठ असत: कागदाच्या एकाच बाजूला, समास सोडून, सुवाच्य अक्षरात, स्थळप्रत आपल्यापाशी ठेवून, परतीचे तिकीट लावलेले पाकीट जोडून. आज पाकीट क्वचित येते. रजिस्टर पोस्टही २०२५ मध्ये स्पीड पोस्टात मिसळले. पण जुन्या नियमांमागे जी समज होती, ती ई-मेलच्या काळात हरवली, याचे मला वाईट वाटते. कविता मोबाइलवर लिहून व्हॉट्सॲपवरून संपादकाला ढकलली जाते. वाटेत तिच्या ओळी तुटतात. कडव्यांमधली मोकळी ओळ नाहीशी होते, लांब ओळ पडद्याच्या रुंदीला दुमडते आणि ती कवीने तिथेच तोडली की यंत्राने, हे संपादकाला कळायला मार्ग राहत नाही. मुक्तछंदातल्या कवितेत ओळ कुठे थांबते हाच तर तिचा छंद. म्हणून कविता पाठवताना युनिकोडमधली फाइल आणि तिच्यासोबत पीडीएफ, दोन्ही पाठवाव्यात. पहिली छपाईसाठी, दुसरी कवीच्या मनातली मांडणी दाखवण्यासाठी. जुन्या श्री-लिपी किंवा तत्सम फॉन्टमधून मजकूर बदलून घेतला असेल तर तो डोळ्यांखालून घालावा. रफार पुढच्या अक्षरावर उडी मारतो, ‘दुसऱ्या’मधला आडवा र रफार होऊन डोक्यावर चढतो, जोडाक्षरे सुटी पडतात. या चुका छापखान्यात दुरुस्त होतील, असे समजू नये. छोट्या मासिकात डीटीपी करणारा, मुद्रिते तपासणारा आणि संपादक हे बहुधा एकच गृहस्थ असतात.

लांबीचेही तसेच. अंक फर्म्यांत छापला जातो. सोळा पानांचा एक फर्मा. सहा फर्मे म्हणजे शहाण्णव पाने, त्यात सत्त्याण्णवावे पान घालायचे तर नवा फर्मा आणि त्याचा कागद. चांगली कथा दीड पानाने जास्त झाल्यामुळे पुढच्या अंकावर जाते, यात संपादकाचा आकस नसतो. उलट, लेखाच्या शेवटी अर्धे पान मोकळे राहिले की, तिथे कविता बसते. पानपूरक म्हणून छापल्या गेलेल्या कवितांवर रुसणारे कवी मी पाहिले आहेत. त्यांना मी सांगत आलो आहे की वाचक लेख संपवून त्याच जागी क्षणभर थांबतो. तिथे तुमची कविता त्याला गाठते.

एक कविता एकाच वेळी पाच ठिकाणी पाठवण्याची पद्धत आता रूढ झाली आहे. लेखकाची अडचण मी समजू शकतो. सहा-सहा महिने उत्तर येत नसेल तर त्याने काय करावे? तरीही दोन मासिकांत एकच कविता एकाच महिन्यात आली की, छोट्या संपादकाची पाने वाया जातात, आणि त्याची पाने मोजकी असतात. एकाहून अधिक ठिकाणी पाठवले असेल तर तसे स्पष्ट लिहावे आणि एकीकडून होकार येताच बाकीच्यांना त्याच दिवशी कळवावे. हक्कांविषयी नव्या लेखकांत विनाकारण भीती असते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे स्वतंत्रपणे लिहिणारा लेखकच आपल्या लेखनाचा पहिला मालक असतो आणि लेखी करार केल्याशिवाय ती मालकी दुसऱ्याकडे जात नाही. मासिकात छापून आलेली कविता पुढे आपल्या संग्रहात घ्यायला कुणाची आडकाठी नसते; कुठे प्रथम प्रसिद्ध झाली, याचा उल्लेख करणे हे सौजन्य. संग्रह काढताना मासिकांतल्या या पूर्वप्रसिद्धीचा उपयोग होतो. राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळ नवलेखकांच्या पहिल्या पुस्तकासाठी अनुदान देते, आणि अशा वेळी जाणत्या संपादकाने छापलेल्या चार कविता हातात असलेल्या बऱ्या.

या सगळ्याहून एक गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते आणि ती सांगताना मला संकोच नाही. ज्या मासिकाला लेखन पाठवायचे, त्याचे मागचे दोन अंक तरी वाचावेत आणि शक्य असेल तर वर्गणी भरावी. लेखन पाठवणारे शेकड्यांनी आणि वर्गणीदार मूठभर, ही छोट्या मासिकांची सार्वत्रिक कहाणी आहे. ज्याला आपण आपली सर्वांत जिव्हाळ्याची गोष्ट वाचायला देतो, त्याने काय छापले हे आपण वाचू नये, हे कसे चालेल? अंक वाचला की आपली कथा तिथे शोभेल की नाही, हेही आपोआप कळते, आणि निम्मे नकार टळतात.

आणि संपादकांविषयी. ई-मेलने पाठवणे सोपे झाले तसे उत्तर न देणेही सोपे झाले. परतीचे पाकीट समोर पडलेले असे, तेव्हा ते रवाना करणे भागच होते. आता इनबॉक्समधले पत्र तळाशी जाते आणि विषय संपतो. लेखकाला नकाराहून हे मौन जड जाते, कारण नकारानंतर कथा दुसरीकडे पाठवता येते किंवा पुन्हा लिहायला घेता येते. मौनात ती अडकून पडते. संपादक एकटे असतात, टपाल अफाट असते, मला ठाऊक आहे. प्रत्येकाला पोस्टकार्डभर उत्तर लिहिणे आज कुणाला शक्य नाही. पण प्रत्येक अंकाच्या श्रेयपानावर वर्गणीचे दर, बँकेचा खाते क्रमांक आणि ‘लेखकांच्या मतांशी संपादक सहमत असतीलच असे नाही’ हे वाक्य छापलेले असते. तिथेच खाली तीन ओळी वाढवता येतील: या वर्षी लेखन कोणत्या महिन्यांत स्वीकारू, किती दिवसांत होकार-नकार कळवू, आणि त्या मुदतीत उत्तर आले नाही तर लेखकाने आपले लेखन खुशाल दुसरीकडे पाठवावे. कागद तोच, छपाई तीच. दिवाळी अंक हातावेगळा झाला की संपादक वसंत ऋतूच्या अंकाची तयारी सुरू करतात. त्या अंकापासून हे सुरू व्हावे, अशी माझी त्यांना विनंती आहे.